तांबटिणीचं आख्यान

"म्हणजे किती दिवस बोलायचं नाही?" मामांनी विचारलं.

डॉक्टरांनी हातातला टॉर्च टेबलावर ठेवला. "बुवा, दिवसांचा प्रश्नच नाही. गाठ स्वरयंत्रावर आहे. यंत्रच काढावं लागणार. जीव राहील, आवाज नाही."

मामांनी भिंतीवरच्या घशाच्या चित्राकडे बघितलं. "एवढंसंच असतं होय ते," ते म्हणाले. मग, "शस्त्रक्रिया कधी?"

"महिनाअखेरीस. तोवर घशाला पूर्ण विश्रांती."

"अखेरीस म्हणजे मधे एक कीर्तन बसतं."

"बुवा, मी पाणी मागण्यापुरतंसुद्धा बोलू नका म्हणतोय."

"पाणी नाही मागत. शालन न मागता देते." मामा माझ्याकडे बघून हसले. हसताना घशातून वाळकं पान चुरगळल्यासारखा आवाज आला. "डॉक्टर, एक आख्यान सांगायचं राहिलंय. तेवढं होऊ द्या, मग यंत्र तुमचं."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही तरी सांगा."

मी काय सांगणार? आई गेल्यावर मामांनी मला नाशिकला आणलं तेव्हा मी परकर नेसत होते. तेव्हापासून त्यांच्या डाव्या हाताला पेटी घेऊन बसत आले. कीर्तनाला उभ्या राहिलेल्या माणसाला बसा म्हणायचं असतं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

मामा म्हणजे त्र्यंबकबुवा निफाडकर. नारदीय परंपरेतले. आधी पूर्वरंग: एक पद घ्यायचं, त्याचा अर्थ उलगडायचा. मग बुवांना हार, श्रोत्यांना बुक्का. मग उत्तररंग, म्हणजे आख्यान, पूर्वरंगात जे सांगितलं त्याला माणसाचा देह देणारी गोष्ट. शेवटी आरती. जन्मभर मामांनी दुसऱ्यांनी रचलेली आख्यानं सांगितली. पण एक त्यांचं स्वतःचं होतं. कित्येक वर्षं ते मनातल्या मनात घडवत होते. अंघोळीला पाणी तापत असलं की चुलीपुढे बसून ओठ हलवायचे. मी आत आले की थांबायचे. मला एवढंच ठाऊक होतं की ते एका तांबटिणीचं आहे.

"मामा, मला तरी ऐकवा," मी एकदा म्हटलं होतं.

"नैवेद्य अर्धा शिजल्यावर दाखवतात का?"

"मग लिहून तरी ठेवा."

"लिहिलं की ते कागदाचं झालं. मला माणसांना सांगायचंय. आणि भरल्या सभेत सांगायचंय. ती बाई जन्मभर एकटी पायरीवर बसली गं. तिची गोष्ट पुन्हा रिकाम्या मंडपात सांगू?"

तेव्हा आमची सभा म्हणजे खांबांना टेकून बसलेल्या मूठभर म्हाताऱ्या. त्यातल्या येसूबाई ठार बहिऱ्या. मामा म्हणायचे, सगळ्यांत मन लावून त्याच ऐकतात. अशा सभेपुढे ते आख्यान काढायचं नाही, थांबायचं, असं चाललं होतं. आता थांबायला जागा उरली नव्हती.

डॉक्टरांकडून आम्ही सरळ मामांचं कीर्तन व्हायचं त्या देवळात गेलो. तर सभामंडपात शिडी लावलेली आणि खांबाखांबांमधून कातड्याच्या बाहुल्या टांगणं चाललेलं.

दर तीन वर्षांनी आमच्या गावात आशियातल्या नव्या कलेचा महोत्सव भरायचा. गावभर. भद्रकालीतले बंद पडलेले भांड्यांचे कारखाने, महापालिकेच्या शाळा, घाटावरच्या ओवऱ्या, सगळीकडे काही ना काही मांडलेलं. त्या वर्षी कुणी कोरियन माणसाने गोदेवर कोळ्यांची जाळी ताणली होती, आणि एका वर्गात छतापर्यंत भाताचं तूस भरलं होतं. ते बघायला मुंबई-पुण्याहून गाड्या येत. विश्वस्तांनी आमचा मंडपही त्यांना महिनाभर देऊन टाकला होता. गाभारा तेवढा आमचा.

"झालं," आमचे तबलजी गोरखदादा म्हणाले. ते पायरीवर विडी विझवून बसले होते. "देवाला पोटभाडेकरू आलेत, बुवा."

शिडीखाली उभ्या असलेल्या तरुणाने नमस्कार केला. अभिराम दाणी. महोत्सवात कुठे काय मांडायचं ते हा ठरवायचा. बोलायला गोड, ऐकायलाही चांगला. त्याच्याबरोबर एक सावळी, ठेंगणी बाई होती. तिच्याच त्या बाहुल्या. जावा बेटावरून आलेली.

"नाव काय म्हणे हिचं?" मामांनी विचारलं.

"रत्ना विजायांती."

"मग आमचीच की. निफाडला हिची मावशी निघेल."

दाणीने ते तिला इंग्रजीतून सांगितलं. ती मोकळेपणाने हसली आणि वाकून मामांच्या पायाला हात लावला. मामा विरघळलेच. मग मी सगळं सांगितलं: मामांचा घसा, शस्त्रक्रिया, राहिलेलं आख्यान. मंडप एका दिवसासाठी मिळाला तर बरं होईल, असं म्हटलं.

दाणी रत्नाकडे वळला. तिच्याशी बराच वेळ बोलला. तिचे डोळे भरून आले होते. मग तो म्हणाला, "बुवा, मंडप रिकामा नाही करता येणार. पण तुम्ही महोत्सवातच या ना. रविवारी सकाळी. तिच्या बाहुल्यांच्या मधोमध उभे राहा, तुमचं कीर्तन करा. पुरं. एक शब्द कमी करायला सांगणार नाही."

"लोक येतील?"

"येतील म्हणजे? रांग घाटापर्यंत जाते रविवारी. एवढे प्रेक्षक तुम्ही या देवळात पाहिले नसतील."

"प्रेक्षक नाही हो. श्रोते."

"श्रोते," दाणी म्हणाला.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा मी तसा पाहिला नव्हता. लग्नघरात वऱ्हाड वेशीपाशी आल्याचा निरोप यावा तसा. लोक येतील का, एवढंच त्यांनी विचारलं. आमच्याकडे कीर्तनाला आलेला माणूस बसतो आणि आरतीआधी उठत नाही. मग बसतील का, हे कोण विचारणार?

चहा घेताना रत्नाने तिच्याकडची पद्धत सांगितली. तिकडे बाहुल्यांचा खेळ रात्रभर चालतो. लोक येतात, जातात, खातात, मधे झोपतात. सांगणारा थांबत नाही. तो देवांसाठी सांगत असतो.

"थोर आहे तुमचा बुवा," मामा म्हणाले. "मला नाही बाई ते साधायचं. माझा देव पाठीमागे गाभाऱ्यात नसतोच. समोर बसलेला असतो."

दाणीने तेही तिला सांगितलं. तिने पेला खाली ठेवून मान डोलावली.

रविवारी मामांनी ठेवणीतलं उपरणं काढलं. गोरखदादांनी तबला लावला. बाहुल्यांच्या सावल्या खांबांवर हलत होत्या आणि त्या मला, खरं सांगते, फार आवडल्या. सभाच बसलीय असं वाटत होतं. जमिनीवर सतरंज्या होत्या. मामांनी नारदाच्या गादीला नमस्कार केला, चिपळ्या उचलल्या, आणि नमन झाल्यावर मूळ पद घेतलं. तेही त्यांचंच होतं:

तुझिया पायरीशी बसलों देवा,
आंत बोलावणें येईल केव्हां.

आवाज घोगरा होता, पण लागला. देवाने शेवटचं तेल एकदम ओतलं असं वाटलं. उत्तरेच्या दारातून लोक आत येऊ लागले. छान कपड्यांतले, कौतुकाने बघणारे. मामा त्यांच्याकडे बघून गात होते. पद झालं, निरूपण सुरू झालं. पायरी म्हणजे काय, आत-बाहेर कुणी ठरवलं. मामांनी एक विनोद केला, थोडे लोक हसले. आणि हसत हसत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडले. उत्तरेच्या दारातून दुसरे आले.

मामा थांबले. नव्या लोकांकडे बघून मान लववली, आणि मूळ पद पुन्हा घेतलं.

हा त्यांचा रिवाज होता. उशिरा आलेला श्रोता हा पाहुणा. त्याला मूळ पद ऐकवल्याशिवाय पुढं जायचं नाही. येसूबाईंची सून गिरणीतून दळण घेऊन मागाहून यायची, तिच्यासाठीसुद्धा मामा निरूपण थांबवून पद पुन्हा म्हणायचे. तिला संकोच व्हायचा, बाकीच्या कौतुकाने मागे सरायच्या. त्या मंडपात ते शोभायचं.

पद झालं. निरूपण सुरू. पायरी म्हणजे काय. तोवर ते लोक गेले, दुसरे आले. मामांनी मान लववली. तुझिया पायरीशी.

"बुवा, पुढं," गोरखदादा तबल्यावरून पुटपुटले.

"पाहुणे आलेत," मामा ओठांतल्या ओठांत म्हणाले.

"ही जत्रा आहे बुवा. जत्रेत कुणी पाट मांडतं का?"

मामांनी पुन्हा पद घेतलं. मी पेटीवर आख्यानाची चाल वाजवायला लागले. आमची खूण होती ती, वेळ होत आली की मी साकीची चाल धरायची. मामांनी ऐकलं. त्यांनी उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, "तर श्रोतेहो, याच गोदेच्या काठी, तांबट आळीत एक बाई राहत होती." मी पेटीचा आवाज खाली घेतला. दारात शाळेतल्या मुली घेऊन एक मास्तरीण उभी राहिली. मामांची नजर तिकडे गेली. चेहऱ्यावर तेच आर्जव आलं. ते परत मूळ पदावर आले.

मधल्या ठेक्यात पेटी सोडून मी दाणीला गाठलं. "दार लावा. थोडा वेळ. आत आहेत तेवढे बसू देत."

"ताई, रांग रस्त्यावर गेलीय. पोलिसांनी दार बंद करायचं नाही म्हणून बजावलंय. चेंगराचेंगरी झाली तर?" त्याने घाम पुसला. "आणि खरं सांगू? असं काही मी आजवर पाहिलं नाही. ते पुन्हा पुन्हा दाराशी येतात. लोक रडतायत बाहेर जाऊन."

"त्यांना दाराशी नाही यायचंय. त्यांना आत जायचंय. गोष्टीत."

त्याला ते कळलं असं मला वाटत नाही. रत्नाला मात्र कळलं असावं. ती येऊन मामांच्या पुढ्यात मांडी घालून बसली. शेजारच्या लोकांना हाताला धरून बसवू लागली. काही मुली बसल्या, एक म्हातारं जोडपं बसलं. क्षणभर सभा झाली. मी विठ्ठलाचं नाव घेतलं. पण मामा बसलेल्यांकडे बघतच नव्हते. बसलेले घरचे, त्यांची काय चिंता. त्यांची नजर दारावर होती, आणि दार काही रिकामं राहत नव्हतं.

बसलेलेही अखेर उठले. तेच ते किती ऐकणार. रत्ना तेवढी राहिली, आणि तिला तर मराठी येत नव्हती.

ऊन मंडपात आलं तेव्हा आवाज चिरला. पदातला 'देवा' गेला, मग 'पायरी' गेली. शेवटी ओठ हलत होते आणि चिपळ्या तेवढ्या वाजत होत्या. लोक त्याचेही फोटो घेत होते. कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनी वाजवल्या. गोरखदादांनी निरांजन लावून आणलं होतं. मामांनी त्यांचा हात धरला. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"आरती नाही करायची. कीर्तन झालेलं नाही."

ते गादीवरून उतरले. फुंकर घालून निरांजन विझवत नाहीत, म्हणून गोरखदादा ते तसंच हातात धरून उभे राहिले, वात संपेपर्यंत.

दोन दिवसांनी दाणी घरी आला. वर्तमानपत्रात मामांचा मोठा फोटो होता. त्याने मजकूर वाचून दाखवला. पुनरावृत्तीतून उभा राहणारा अपूर्णतेचा अनुभव, असं काहीसं होतं. "बुवा, सगळे म्हणतात, महोत्सवात सर्वांत सरस तुमचं झालं."

मामांचा आवाज पुटपुटण्याइतका परत आला होता. "आख्यान आवडलं त्यांना?"

"कुठलं आख्यान?" दाणी म्हणाला.

मामांनी त्याला चहा घ्यायला लावला. जाताना त्याच्या हातावर खडीसाखर ठेवली. तो भला मुलगा होता. दार लावून मी स्वयंपाकघरात गेले आणि पिठाच्या डब्याशी तोंड लपवून रडले. देवाला मी त्या दिवशी बरंच काही बोलले. या माणसाने तुझ्या दारात जन्म काढला आणि तू सगळं गाव त्याच्या पुढून नुसतं चालवत नेलंस.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी त्यांना हिरवा अंगरखा घातला. सामान्य वॉर्ड होता, खाटेला खाट लागलेली. ट्रॉली यायला अवकाश होता. मी नेहमीसारखी त्यांच्या डाव्या हाताला बसले होते.

"उठ," ते म्हणाले. "आज साथीला नाही बसायचं. समोर ये."

मी पायथ्याशी जाऊन स्टूल ओढलं.

"साथीदार श्रोत्यांत धरत नाहीत. म्हणून तुला कधी सांगितलं नाही. आज तूच सभा." त्यांनी डोळे मिटून नमन केलं. मग कुजबुजत पद म्हटलं, दोन्ही ओळी. निरूपण थोडक्यात केलं. मग म्हणाले, "एक होती तांबटीण."

आणि ते गोष्टीत आत गेले. मी पहिल्यांदा ऐकत होते. नवरा गेल्यावर तिने स्वतः हातोडा उचलला. देवाच्या अभिषेकासाठी तिने हंडा घडवला. पुजाऱ्यांनी हंडा घेतला, तिला पायरीवरच थांबवलं. हंडा आत, ती बाहेर. रोज ती पायरीवर बसून पाण्याचा आवाज ऐकायची. हा माझा हंडा वाजतोय, म्हणायची. वर्षं गेली. ती म्हातारी झाली. आणि एक दिवस हंडा गळायला लागला. गावातल्या एकाही तांबटाला तो सांधता येईना. डाग दिला की दुसरीकडून गळे. देवावर पाणी पडेना. अखेर मुख्य पुजारी स्वतः पायरी उतरून तिच्यापुढे आला. खाली बसला. आणि म्हणाला—

"किर्तन हाये का वो?"

पेठ तालुक्याकडची एक बाई, नवऱ्याला शेजारच्या खाटेवर आणलेलं. हातात डबा. मामांचे हलणारे हात बघून थबकली होती. तिने डबा खाली ठेवला, चपला काढून खाटेखाली सारल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि फरशीवर हात जोडून बसली.

मामांनी तिच्याकडे पाहिलं.

"मामा," मी म्हटलं. "पुढं. पुजारी काय म्हणाला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पाहुण्याआधी ताटाला हात लावणाऱ्या पोराकडे बघावं तसं. आणि मला कळलं की रविवारी ते चुकले नव्हते, फसले नव्हते. लोक बसणार नाहीत हे त्यांनीही पाहिलं होतं. दारात आलेल्या माणसाला ओलांडून पुढं जाणं त्यांना येतच नव्हतं, त्यापायी स्वतःची गोष्ट बुडाली तरी. मला वाटलं त्या बाईला दंडाला धरून उठवावं. मी उठवलं नाही.

"तुझिया पायरीशी," मामा म्हणाले. श्वास घेतला. "बसलों." पुढचा शब्द आला नाही. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. ओठ हलले, श्वास आला, त्यात आवाज नव्हता. ते पद संपवत होते, बाईकडे बघून, शब्द न् शब्द ओठांनी. ती मान डोलावत होती. मग ट्रॉली आली.

पुढे मामा सहा-सात महिने होते. पाटी दिली होती. तिच्यावर 'पाणी' लिहायचे, 'बास' लिहायचे. आख्यान लिहा म्हटलं की पाटी उपडी करून ठेवायचे. ते गेले तेव्हा ती पुसलेली होती. मग मी तांबट आळीत जाऊन विचारलं, जुन्या पोथ्या पाहिल्या, दुसऱ्या बुवांना विचारलं. ती बाई कुणालाच ठाऊक नव्हती. ती मामांचीच होती.

त्या सकाळी मी ट्रॉलीबरोबर दारापर्यंत गेले. दार बंद झाल्यावर परत आले, तर ती बाई अजून तशीच फरशीवर बसली होती.

"चांगलं सांगत होतं बाबा," ती म्हणाली. "बाई पायरीवं बसली व्हती ना? मी मागून आले. म्होरं काय झालं वो?"

"मला नाही माहीत."

"असूंद्या," तिने डबा जवळ ओढून घेतला. "बाबा सुदीवर आलं की त्येंलाच इचारू."